चेंडू किती जणांच्या हाती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खेळाच्या तासाला एखाद्या शाळेच्या मैदानाशेजारी उभं राहायची वेळ आली, तर एक गंमत करून पाहा. मुलांकडे पाहू नका, चेंडूकडे पाहा. तो कुणाच्या हातून सुटतो आणि कुणाच्या हाती जातो, एवढंच पाच मिनिटं मोजा. मैदानावर चाळीस मुलं असतील, आरडाओरडा असेल, धूळ उडत असेल. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, वा, काय खेळतायत पोरं! पण चेंडू मात्र सात-आठ जणांतच फिरताना दिसेल. बाकीची मुलं चेंडूमागे पळत असतात, चेंडूपासून पळत असतात, नाहीतर बाद होऊन कडेला मातीत रेघोट्या ओढत बसलेली असतात.

हिशेब साधा आहे. एक फेक आणि तिचा झेल मिळून पाच सेकंद धरा. मिनिटाला १२ फेकी, अर्ध्या तासात ३६०. चाळीस मुलांत चेंडू एकच असेल आणि तो अगदी समान वाटला गेला, तरी एकेकाच्या वाट्याला ९ फेकी आणि ९ झेल येतात. दोघांत एक चेंडू दिला, तर त्याच अर्ध्या तासात प्रत्येकाला १८० फेकी मिळतात. आणि चेंडू समान वाटला जात नाहीच. ज्याला चांगलं फेकता येतं त्याच्याकडे तो पुनःपुन्हा जातो. ज्याला येत नाही, त्याच्याकडे जात नाही. म्हणून त्याला येत नाही, आणि येत नाही म्हणून पुन्हा जात नाही. तिसरी-चौथीत सुरू झालेलं हे चक्र सातवीपर्यंत इतकं पक्कं होतं, की तो मुलगा किंवा ती मुलगी स्वतःच सांगू लागते, ‘मला खेळायला आवडत नाही.’ आवडीनिवडीचा प्रश्न इथे पुष्कळदा नसतोच. चेंडू हाती आलेला नसतो, एवढंच.

चेंडू फेकण्याचे आणि झेलण्याचे जे खेळ मुलं गटानं खेळतात, त्यांच्याकडे या नजरेनं पाहिलं तर काही जुन्या खेळांची रचना किती शहाणपणाची होती हे लक्षात येतं. काहींची नव्हती, तेही सांगितलं पाहिजे. जुनं ते सगळं सोनं असतं, तर आपल्या पिढीत चेंडूला घाबरणारं एकही माणूस नसतं.

लगोरी घ्या. कुणी लिंगोरचा म्हणतं. हिंदी मुलखात तिला पिट्ठू किंवा सतोलिया म्हणतात, तेलुगूत ‘एडु पेंकुलाटा’, म्हणजे सात खापऱ्यांचा खेळ. साहित्य म्हणाल तर कौलाच्या, फरशीच्या किंवा दगडाच्या सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू. मोठीवर लहान अशी त्यांची उतरंड रचायची. एका बाजूच्या गड्यानं ठरलेल्या रेघेवरून नेम धरून ती पाडायची. तीन संधी मिळतात. त्याची फेक टप्पा घेऊन पलीकडे गेली आणि समोरच्यांनी झेलली, तर तो बाद. उतरंड पडली की खरा खेळ सुरू. पाडणाऱ्यांनी ती पुन्हा रचायची आणि समोरच्यांनी चेंडू मारून त्यांना रोखायचं. सातवी ठिकरी वर बसली की ‘लगोरी!’ अशी आरोळी. ठिकऱ्या किती, रेघ किती लांब, हे गल्लीगल्लीत वेगळं असतं, आणि त्यावरून भांडणंही ठरलेली असतात.

या खेळात कामं किती प्रकारची आहेत पाहा. नेम धरणं, झेल घेणं, पळणं, चुकवणं आणि शेवटी बोटांचं नाजूक काम, धांदलीत ठिकरीवर ठिकरी बसवण्याचं. अंगानं दांडगा नसलेला, पण डोकं शांत ठेवणारा मुलगा इथे हुकमाचा एक्का ठरतो. बाकीचे हुलकावण्या देत चेंडू अंगावर ओढून घेतात आणि हा गुपचूप बसून चार ठिकऱ्या रचून मोकळा होतो. सगळ्यांनी एकच गोष्ट उत्तम करावी, अशी लगोरीची अपेक्षा नाही.

तिच्यातली खोट आहे ती मारणाऱ्या बाजूकडे. तिथे दोन तरबेज मुलं चेंडू घेऊन पळत सुटतात आणि उरलेले पाच नुसते ‘मार, मार’ ओरडतात. यावर उपायही जुनाच आहे, पुष्कळ ठिकाणी तो पाळला जातो: चेंडू हातात आला की पाय हलवायचे नाहीत. जागेवरून मारा, नाहीतर जवळच्या भिडूला द्या. एवढ्या एका नियमानं खेळाचा नूर पालटतो. आता एकट्याच्या पळण्यानं काम होत नाही, चेंडू फिरवावाच लागतो. उतरंडीजवळ उभा असलेला, एरवी कुणी ज्याच्याकडे बघत नाही असा भिडू एकदम महत्त्वाचा होतो, कारण मोक्याची जागा त्याची असते. त्यानं झेल सोडला तर डाव हातचा जातो, म्हणून त्याच्याकडे चेंडू नीट, झेलता येईल असाच टाकावा लागतो. नीट चेंडू मिळायला लागला की झेलही जमायला लागतात. मोठ्या माणसानं ‘त्यालाही खेळायला घ्या रे’ म्हणून दहादा सांगितल्यानं जे होत नाही, ते या नियमानं होतं.

आणखी एक. वीस मुलांची एक लगोरी मांडण्यापेक्षा दहा-दहांच्या दोन मांडाव्यात. ठिकऱ्यांना काही पैसे पडत नाहीत.

लगोरीचा दांडगा भाऊ म्हणजे आबाधुबी. काही ठिकाणी रप्पारप्पीही म्हणतात. नियम जवळजवळ नाहीतच. चेंडू ज्याला सापडेल त्यानं दिसेल त्याला मारायचा. संघ नाहीत, गुण नाहीत. पावसाळ्यात भिजलेला रबरी चेंडू पाठीत बसला, की त्याचा गोल शिक्का रात्री आंघोळीच्या वेळी आईला दिसायचा आणि दुसरा शिक्का तिच्याकडून मिळायचा. पालकांना हा खेळ आवडत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण त्याची एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. आबाधुबीत कडेला कुणी बसत नाही. चेंडू ज्याला लागतो, बहुतेक वेळा त्याच्याच पायाशी पडतो. म्हणजे ज्यानं मार खाल्ला, पुढची फेक बहुधा त्याचीच. मऊ चेंडू आणि कमरेखालीच मारायचा, एवढी दोन बंधनं घातली तर हा खेळ आजही बाद करण्यासारखा नाही.

याच्या उलट शाळांमध्ये शिकवला जाणारा डॉजबॉल. एक गट वर्तुळावर, दुसरा आत. बाहेरच्यांनी चेंडू मारायचा, ज्याला लागेल तो बाद, आणि बाद झालेला कडेला जाऊन बसणार. शिस्तीचा, शिट्टीचा, दिसायला नीटनेटका खेळ. पण पहिल्या मिनिटात कोण बाद होतं ते पाहा. जे हळू पळतं, ज्याला चेंडू येताना कळत नाही, जे घाबरून पाठ फिरवतं, ते मूल. म्हणजे ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त, तेच सगळ्यात आधी बाहेर बसतं आणि उरलेला तास इतरांचा खेळ बघतं.

परदेशात यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. अमेरिकेत नील विल्यम्स या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९२ साली एका नियतकालिकात शाळेत खेळवू नयेत अशा खेळांची यादीच छापली आणि त्या यादीला नाव दिलं ‘हॉल ऑफ शेम’. कीर्तिमंदिराच्या उलट लाजमंदिर म्हणा ना! त्यात डॉजबॉल होता, आणि आपल्या हळदीकुंकवापासून सोसायटीच्या गणेशोत्सवापर्यंत सगळीकडे हौसेनं खेळली जाणारी संगीत खुर्चीही होती. आक्षेप तोच: बहुतेक मुलं बहुतेक वेळ रिकामी, आणि हरणाऱ्याची शोभा सगळ्यांसमोर. जून २०१९मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या एका परिषदेत तिथल्या काही अभ्यासकांनी आणखी पुढे जाऊन डॉजबॉलला दादागिरीचं शिक्षण ठरवलं. त्यावर वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला.

मला स्वतःला हे दुसरं टोक पटत नाही. एकमेकांवर चेंडू मारण्यात मुलांना जो आनंद होतो, तो काही दुष्टपणाचा नसतो. निदान नेहमी तरी नसतो. खोट मारण्यात नाही, ‘बाहेर बस’ या दोन शब्दांत आहे. ते काढून टाका. आत ज्याला चेंडू लागेल, त्यानं बाहेर बसण्याऐवजी वर्तुळावर जाऊन मारणाऱ्यांत सामील व्हावं. मग पहिला बाद झालेला मुलगा सगळ्यात जास्त वेळ चेंडू फेकतो. आतले कमी होत जातात, बाहेरचे वाढत जातात, खेळ आपोआप रंगत जातो, आणि शेवटचा एकटा गडी वीस जणांना चुकवतो तेव्हा टाळ्याही पडतात. चेंडू मात्र व्हॉलीबॉलचा फुगवलेला नको. तोंडावर बसला तर चश्मा फुटतो, आणि मूल त्या दिवसापासून खेळातून उठतं.

चेंडूच्या भीतीबद्दल इथेच बोलायला हवं, कारण घराघरात ती ‘भित्रेपणा’ या एका शब्दात निकालात काढली जाते. झेल घेणं माणसाला शिकावं लागतं, आणि ते पायरीपायरीनं येतं. दोन-तीन वर्षांचं मूल दोन्ही हात ताटासारखे पुढे धरून उभं राहतं. चेंडू त्यावर आपण नेऊन ठेवायचा. पुढे ते चेंडू छातीशी कवटाळायला लागतं. पाच-सहा वर्षांच्या आसपास हळूहळू नुसत्या पंजांनी पकडायला बघतं. आणि मधल्या काळात बहुतेक मुलं चेंडू जवळ येताच डोळे मिटतात आणि मान वळवतात. ही अंगाची स्वाभाविक हालचाल आहे. चेंडू कठीण असेल तर ती मुक्काम ठोकते, मऊ असेल तर निघून जाते. एकदा नाकावर रबरी चेंडू बसलेल्या मुलाला ‘डोळे उघडे ठेव’ म्हणून ओरडण्यानं काहीही साधत नाही.

वेळेचंही गणित आहे. पाच मीटरवरून कुणी चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगानं मारला, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, तर तो अर्ध्या सेकंदात अंगावर येतो. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हात हलायला लागायलाच मोठ्या माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, लहान मुलाला त्याहून जास्त. मग हात योग्य जागी नेऊन बोटं मिटायला उरतं काय? तोच चेंडू खालून, हलक्या हातानं, चार फूट वर जाईल असा टाकला, तर तो हवेत जवळजवळ एक सेकंद राहतो. वेळ दुप्पट. धाकट्याला झेल येत नाही म्हणून चिडणाऱ्या थोरल्या भावाला एवढंच सांगावं, की तू नीट टाक. आणि उन्हाकडे तोंड करून त्याला उभं करू नकोस.

चेंडूचं वजन हाही भाग आहे. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा, जवळजवळ तिप्पट. सात वर्षांच्या मुलाच्या पंजात टेनिसचा चेंडूही जेमतेम मावतो. अगदी लहानांसाठी चेंडूच नको, चिंचोके किंवा तांदूळ भरलेली, तळहाताएवढी कापडी पिशवी घ्यावी. ती उसळत नाही, घरंगळत नाही, बोटांत रुतून बसते. सुटली तरी तिथेच पडते, त्यामुळे निम्मा वेळ चेंडू आणायला पळण्यात जात नाही.

उंच उडालेला झेल ही मात्र निराळीच विद्या आहे, आणि तिच्यामागचं गुपित पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी शोधलेलं आहे. सेव्हिल चॅपमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवलं, की चेंडू कुठे पडणार याचं गणित क्षेत्ररक्षकाला करावंच लागत नाही. तुम्ही योग्य जागी असाल, तर तुमच्या नजरेत चेंडू सारख्या गतीनं वर चढत राहतो. वर चढण्याचा वेग वाढत चालला, तर तो डोक्यावरून जाणार, मागे सरका. चढण्याचा वेग मंदावला, तर तो पुढे पडणार, पुढे धावा. पुढे १९९३ साली पीटर मॅकलाउड आणि झोल्टान डीन्स या संशोधकांनी धावत झेल घेणाऱ्यांचं चित्रीकरण करून तपासलं. ती माणसं चेंडू पडायच्या जागी आधी जाऊन उभी राहत नव्हती. चेंडूचं हे ‘चढणं’ सारखं राहील अशा बेतानं धावत होती, आणि धावता धावताच चेंडू हातात येत होता. गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोराला यातलं काही सांगता येणार नाही, पण त्याचे पाय ते करत असतात. मात्र हे पायांत उतरायला शेकडो उंच झेल डोळ्यांसमोरून जावे लागतात, आणि म्हणून पुन्हा प्रश्न तोच: चेंडू किती जणांच्या वाट्याला येतो?

आता मुलींबद्दल. ‘मुलींना फेकता येत नाही’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की मुलीही ते मान्य करून बसतात. गंमत अशी, की हातानं झेलण्याच्या बारीक कौशल्यात आपल्याकडच्या मुली पिढ्यानपिढ्या पुढे होत्या. सागरगोटे आठवा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे दोन, मग तीन, मग चार उचलायचे आणि त्याच हातानं वरचा झेलायचा. नजर वर, हात खाली. हे ज्या हाताला येतं, त्याला चेंडूचा झेल जड का जावा? पण सागरगोटे बसून खेळायचे, ओसरीवर, घरात. खांद्यातून, सगळ्या अंगाचा झोक देऊन लांब फेकण्याची संधी मुलींना मिळालीच नाही. फेकण्याचं बळ नुसत्या दंडात नसतं, ते पायातून वर येतं. उजव्या हातानं फेकताना डावा पाय पुढे पडायला हवा, आणि फेकण्याआधी अंग बाजूला वळायला हवं. न शिकलेलं मूल, मुलगा असो की मुलगी, छाती समोर ठेवून नुसत्या कोपरानं चेंडू ढकलतं, किंवा उजव्या हाताबरोबर उजवाच पाय पुढे टाकतं. जमिनीवर खडूनं एक रेघ आखावी, फेकताना पुढचा पाय त्या रेघेपलीकडे पडू दे, असं सांगावं आणि भिंतीवर जोरात मारायला लावावं. नेमाचं नंतर बघू. आधी जोर येऊ दे. नेमाचा आग्रह पहिल्याच दिवशी धरला, की मूल अंग आखडून फेकतं आणि ती सवय राहते.

भिडू वाटून घेण्याची पद्धतही इथे येते. हल्ली सर्रास दोन कप्तान उभे करतात आणि ते आळीपाळीनं एकेकाला हाक मारतात. शेवटी उरलेल्या दोघांचे चेहरे पाहवत नाहीत. जुनी पद्धत पुष्कळ बरी होती. बरोबरीचे दोघं-दोघं गळ्यात हात घालून बाजूला जायचे, कानात नावं ठरवायचे, एक चंद्र, एक सूर्य, किंवा एक गुलाब, एक मोगरा, आणि कप्तानासमोर येऊन विचारायचे, कोण पाहिजे? कप्तानाला माहीत नाही, कोण कोणता. जोड्या बरोबरीच्या, म्हणून संघ बरोबरीचे. आणि आपण शेवटी उरलो, हे कुणालाच कळायची सोय नाही. हे कुठल्या समितीनं बसून ठरवलेलं नव्हतं.

तसाच लिंबूटिंबू. हा शब्द आपण राजकारणावर लिहिताना हिणवायला वापरतो, पण मुळात ती एक सोय आहे. धाकटी भावंडं कडेवरून उतरली, की ताईदादाच्या मागे खेळायला यायची. त्यांना घरी पाठवणं शक्य नसायचं, घेतल्याशिवाय गत्यंतर नसायचं. मग ठरायचं, हा लिंबूटिंबू. कच्चा लिंबू म्हणा. तो पळणार, ओरडणार, चेंडू आला तर फेकणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि तो बाद होणार नाही. चार वर्षांचं पोर असं दोन पावसाळे मोठ्यांत वावरलं, की एक दिवस स्वतःच पाय आपटून सांगायचं, मी आता लिंबूटिंबू नाही. त्या दिवसापासून त्याच्यावर राज्य यायचं.

पण ही सोय लहानांसाठी आहे, हे विसरू नये. नऊ वर्षांच्या, झेल न येणाऱ्या मुलाला बरोबरीच्या पोरांत लिंबूटिंबू केलं, तर तो अपमान होतो. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि तीही गल्लीत तयार आहे. जागा अपुरी म्हणून मुंबई-पुण्याच्या चाळींत ‘एक टप्पा, एक हात’ असा नियम आला: चेंडू एक टप्पा पडल्यावर एका हातानं झेलला तरी फलंदाज बाद. क्रिकेटच्या पुस्तकात हे कुठे नाही. हाच नियम उलटा वापरता येतो. ज्याला थेट झेल येत नाही, त्याचा एका टप्प्याचा झेल सगळ्यांनी झेल म्हणून मानायचा, दोन्ही हातांनी घेतलेलाही. तो खेळतो खराच, बादही होतो आणि बादही करतो. सोय काय ती टप्प्यापुरती. मुलं अशी तडजोड चटकन मान्य करतात. अडतात ते बहुधा कडेला उभे असलेले बाबा.

विटीदांडूतही झेलाला मोठं मोल आहे, उडालेली विटी झेलली की डाव संपला. मोजणीचे ते वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द ऐकून नवल वाटत असेल, तर तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु आठवा. खेळांना सरहद्दी नसतात. चेंडूफळी आणि विटीदांडू या दोघांवरही तुकारामबुवांनी अभंग रचले आहेत, इतके हे खेळ आपल्या मातीत मुरलेले. तरीही लहान मुलांच्या मोठ्या गटाला विटीदांडू खेळू द्यावा, असं मी म्हणणार नाही. टोकदार विटी डोळ्याला लागून कायमची इजा झालेली मुलं नेत्रतज्ज्ञांनी पुष्कळ पाहिली आहेत. चार-सहा मोठी मुलं, भरपूर मोकळी जागा आणि समोर कुणी जवळ उभं नाही, अशीच ती खेळायची गोष्ट आहे.

मोकळी जागा! हे शब्द उच्चारताच शहरातले वाचक हसले असतील. सोसायटीत दोन गाड्यांच्या मध्ये वीस फूट उरतात, वर ‘येथे चेंडू खेळू नये’ अशी पाटी, आणि पहिल्या मजल्यावर चेंडू जप्त करून ठेवणाऱ्या काकू. काकूंचीही बाजू आहे, काच त्यांची फुटते. अशा जागेत फळीचा खेळ नकोच. आठ मुलांना पुरेल असा एक खेळ सांगतो. चार-चारांचे दोन गट. एका गटानं आपसांत दहा वेळा चेंडू द्यायचा, खाली न पाडता, मोठ्यानं मोजत. दुसऱ्या गटानं तो मध्येच पकडायचा. पकडला की मोजणी त्यांची, एकपासून. चेंडू हातात असताना पाय हलवायचे नाहीत, आणि ज्यानं दिला त्यालाच लगेच परत द्यायचा नाही. या शेवटच्या अटीमुळे दोन पक्के दोस्त आपसांतच दहा आकडे पुरे करू शकत नाहीत. धक्काबुक्की झाली तर मोजणी समोरच्यांची. दहा मिनिटांत पोरं घामाघूम होतात आणि कुणीतरी ‘टाइमप्लीज’ म्हणून पाणी प्यायला पळतं.

एक जण मध्ये आणि बाकीचे वरून चेंडू फेकतात, तो खेळही अशाच जागेत चालतो. पण त्यात एक सांभाळावं. मधल्यानं चेंडू पकडला तरच त्याची सुटका, असा नियम असला, तर कच्चं मूल सबंध संध्याकाळ मध्येच उड्या मारत राहतं आणि बाकीच्यांना त्याची मजा वाटू लागते. दहा फेकी झाल्या की मधला बदलायचा, पकडो वा न पकडो. आणि मुलं आठाहून जास्त असतील, तर मध्ये दोघं घालावेत.

या सगळ्याला चेंडू हवा तो काच न फोडणारा, नाक न फोडणारा आणि फुकटचा. तो घरी होतो. एका जुन्या मोज्याच्या टाचेत चिंध्या किंवा फोमचे तुकडे दाबून भरावेत, साधारण मोसंब्याएवढा गोळा झाला की मोजा पिळून उलटा त्याच्यावरच ओढावा, पुन्हा पिळावा, पुन्हा ओढावा. वरून दुसरा मोजा तसाच चढवावा आणि तोंड जाड दोऱ्यानं शिवून टाकावं. गाठ मारू नये, ती लागते. मोजा भडक रंगाचा असला तर संध्याकाळच्या उजेडातही चेंडू दिसतो. हा चेंडू फारसा उसळत नाही, त्यामुळे टप्प्याच्या झेलाला तो चालणार नाही, त्यासाठी टेनिसचा जुना, केस गेलेला चेंडू घ्यावा. आणि पावसात भिजला की तो वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून एकदम तीन-चार शिवून ठेवलेले बरे.